भ्रमणध्वनीवरील चलचित्राचा दर्जा : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक टिपण

चलचित्राचा दर्जा ही वरकरणी तंत्रज्ञांची बाब वाटते. तथापि यवतमाळसारख्या जिल्ह्याच्या अलीकडील शैक्षणिक इतिहासात तिची स्वतंत्र नोंद घ्यावी लागेल, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

2007 साली एच.264 या मानकास स्केलेबल व्हिडिओची जोड देण्यात आली. चित्राचे थर करावेत, सर्वांत खालचा ओबडधोबड थर प्रत्येकास मिळावा आणि जाळ्याच्या क्षमतेनुसार त्यावर स्पष्टतेचे थर चढावेत, अशी ही कल्पना होती. व्यवहारात मात्र निराळी पद्धत रूढ झाली. एकच चित्रफीत अनेक दर्जांत साठवून तिचे काही सेकंदांचे तुकडे केले जातात आणि मोबाइल आपल्याला झेपेल तो तुकडा मागून घेतो. ‘डॅश’ या नावाने या पद्धतीचे आंतरराष्ट्रीय मानक 2012 मध्ये प्रसिद्ध झाले. चित्र अंधुक झाले तरी चालेल, पण थांबू नये, हे दोहोंचे समान सूत्र होय.

मार्च 2020 च्या टाळेबंदीत या सूत्राची देशव्यापी कसोटी लागली. भार वाढताच प्रमुख चित्रसेवांनी 14 एप्रिलपर्यंत मोबाइल जाळ्यावर 480 ओळींहून अधिक दर्जा न देण्याचे मान्य केले. चित्रपटाच्या प्रेक्षकाचे त्यात फारसे बिघडले नाही. नायकाचा चेहरा अंधुक असला तरी ओळखू येतो. फळ्यावरील समीकरणाचे तसे नाही. खडूची बारीक रेघ हाच चित्रातील सूक्ष्म तपशील असतो आणि दर्जा उतरताना प्रथम तोच गळतो. अभियंत्यास समाधानकारक वाटणारा दर्जा गणिताच्या अध्यापकास निरुपयोगी ठरतो तो यामुळे.

झरी जामणी, केळापूर, घाटंजी येथील डोंगराळ, वनव्याप्त भागाचा प्रश्न तर याच्याही आधीचा आहे. टेकडीआड लहरी क्षीण होतात, उच्च वारंवारतेच्या अधिकच. आणि जी क्षमता पोहोचते ती एका मनोऱ्याखालील सर्वांत विभागली जाते. एखाद्या कोलाम पोडावर खालचा थरच पोहोचत नसेल, तर वरच्या थरांची चर्चा कोणासाठी?

20 जुलै 2020 पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली, तिचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते. ती तंत्रज्ञानातील माघार नव्हे. प्रक्षेपणात प्रेक्षक वाढले म्हणून कोणाचा वाटा घटत नाही. घरात दूरचित्रवाणी संच आणि वीज हवी, ही अट मात्र उरतेच.

आवाजास चित्राच्या मानाने फारच थोडी क्षमता लागते. व्याख्यानाचा ध्वनी आणि फळ्याची स्थिरचित्रे स्वतंत्रपणे उपलब्ध करून देणे आपल्या महाविद्यालयांना आजही सहज शक्य आहे. त्यासाठी नव्या मानकाची गरज नाही.