अरुंद मागाचे वैभव

मागाच्या रुंदीवरून विणकराची योग्यता ठरवावयाची झाली, तर पश्चिम आफ्रिकेवर मोठाच अन्याय होईल. तेथील पारंपरिक मागावर विणली जाणारी सुती पट्टी बहुधा चार इंचांहून रुंद नसते. लांबच लांब ताणा विणकरापुढे जमिनीवर पसरलेला असतो. त्याच्या टोकास दगडाचे वजन असते, आणि वीण पुढे सरकते तसतसा तो दगड जवळ ओढला जातो. मग पट्ट्या काठाला काठ लावून शिवतात, तेव्हा कोठे वस्त्र सिद्ध होते.

रुंद कापड जमत नव्हते म्हणून ही पट्टी, असा तर्क कोणी करील. परंतु तो टिकत नाही. नायजेरियात स्त्रिया उभ्या मागावर रुंद कापड विणीत आल्या आहेत. पट्टी ही पसंती होती, अगतिकता नव्हे. मालीतील बांदियागारा कड्याच्या कोरड्या गुहांत अकराव्या शतकापासूनची अशी वस्त्रे सापडली आहेत. त्याच शतकात, १०६८ च्या सुमारास, अल्‌-बक्री या अरब भूगोलकाराने सेनेगाल नदीकाठच्या सिल्ला नगरात सुती वस्त्रे चलन म्हणून वापरली जात, असे नमूद केले आहे.

पुढे युरोपीय जहाजे परदेशी कापड घेऊन आली. त्यांत गुजरातचे व कोरोमांडलचे सुती कापडही होते, आणि त्याच्या मोबदल्यात माणसेही खरेदी केली जात. भारतीय वस्त्रांच्या जगद्विख्यात कीर्तीचा आम्ही अभिमानाने उच्चार करतो, तेव्हा हे पानही वाचले पाहिजे.

तथापि परक्या मालापुढे तेथील विणकर हतबल झाला नाही. अठराव्या शतकात आसांते राजा ओपोकू वारे याच्या कारागिरांनी आयात केलेले रेशमी तागे उसवले आणि तो धागा आपल्या सुताबरोबर विणला. आसांते व एवे विणकरांच्या केंटे वस्त्राची शोभा अशा धाग्यांनी वाढली.

६ मार्च १९५७ रोजी घानाच्या स्वातंत्र्याची घोषणा करताना क्वामे एन्क्रुमा यांच्या अंगावर उत्तर घानातील पट्ट्यांचा सदरा होता. २०२४ मध्ये युनेस्कोने केंटेच्या कलेस मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. हा मान यथायोग्यच. पण ती कला मोठी ठरण्यासाठी त्याची वाट पाहावी लागली नव्हती. तिचे मोठेपण त्या चार इंचांत शतकानुशतके विणले जात होते.