आंबा बागेच्या कडेची झाडी तोडू नका. मित्रकीटकांचे घर तिथेच

पाऊस सरला की कोकणातल्या आंबा बागांमध्ये बेणणीची घाई सुरू होते. ग्रासकटर फिरतो, कुठे तणनाशक मारले जाते. त्याच झटक्यात बांधावरची करवंदाची जाळी, निर्गुडी, उक्षीचे वेल आणि गडग्यालगतचे रानही साफ होते. बाग स्वच्छ दिसते खरी, पण मोहोराच्या दिवसांत तिला लागणारे मजूर, म्हणजे मित्रकीटक, बेघर झालेले असतात.

मोहोराला माश्या का हव्यात?

आंब्याचा पराग चिकट असतो, तो वाऱ्याने फारसा उडत नाही. एका मोहोरावर शेकडो ते हजारो फुले येतात, पण त्यांतली बरीच फुले नर असतात. फळ धरते ते फक्त द्विलिंगी फुलांना, आणि हापूसमध्ये त्यांचे प्रमाण कमी असते. त्यामुळे पराग पोहोचवणारे कीटक कमी पडले तर मोहोर भरघोस येऊनही फळ कमी धरते. हे काम सातेरी मधमाशी, डंख नसलेली पोयाची माशी, सिरफिड माशी आणि साध्या घरमाशीसारख्या माश्याही करतात.

मोहोर दोन महिने, पोट बारा महिने

आंब्याचा मोहोर थोडे दिवसच असतो. उरलेले वर्ष या कीटकांनी खायचे काय? श्रावण-भाद्रपदात सड्यावरचा तेरडा, नंतर बांधावरची एकदांडी आणि कुर्डू, पुढे उक्षी, काटेसावर, करवंद आणि जांभूळ असा फुलोरा एकापाठोपाठ मिळाला, तरच ते परिसरात टिकतात. राहण्याची सोयही रानातच असते. सातेरी झाडाच्या ढोलीत किंवा वारुळात पोळे करते. पोयाची माशी जुन्या खोडात, गडग्याच्या भेगांत राहते, आणि ती फार लांब उडत नाही. म्हणून रान बागेला लागूनच हवे.

कीड खाणारेही तिथलेच

सिरफिड माशीची अळी मावा खाते, पण मोठी माशी फुलातल्या मकरंदावर जगते. क्रायसोपाची अळी मावा, पिठ्या ढेकणाची पिल्ले आणि किडींची अंडी फस्त करते. ढालकिडे, कोळी आणि किडींच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्याही कीड आटोक्यात ठेवतात. कडेला रानफुले असली तर या गांधीलमाश्या जास्त दिवस जगतात. झाडावरच्या लाल मुंग्या, म्हणजे ओंबील, अनेक किडी मारतात. मात्र गोड चिकट्यासाठी त्या पिठ्या ढेकणाला सांभाळतात, म्हणून त्यांच्यावर लक्ष हवे.

सगळेच रान चांगले नाही

बांडगूळ झाडाचा रस शोषते, ते काढायलाच हवे. रानमोडी आणि घाणेरी पसरून स्थानिक झाडे दाबतात, त्यांना आवर घालावा. गळलेली फळे बागेत वा झाडीत टाकू नयेत, त्यांत फळमाशी वाढते. त्यासाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा वापरता येतो. कडेचे रान ठेवले म्हणून तुडतुडे पूर्ण थांबतील असेही नाही. फवारणी लागू शकते, पण ती कीड पाहून करावी.

बागायतदारांनी काय करावे?

- बांध आणि गडग्यालगत झाडीचा पट्टा राखावा. नवीन लागवडीसाठी डोंगर उतार सरसकट उघडा करू नये.
- गवत एकदम न कापता आलटून पालटून पट्ट्यांत कापावे.
- मोहोर फुललेला असताना फवारणी शक्यतो टाळावी. अगदीच गरज पडली तर शिफारस पाहून, माश्या परतल्यावर संध्याकाळी करावी. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झामसारखी औषधे मधमाश्यांना घातक आहेत.
- वणवा रोखण्यासाठी हद्दीवर जाळरेषा काढावी. आगीत जमिनीतले आणि ढोलीतले कीटक जळून जातात.
- हापूसच्या बागेत रायवळ किंवा इतर जातीची काही झाडे ठेवावीत. परपराग मिळाल्याने फळधारणेला मदत होते.

तोडलेली करवंदाची जाळी पुन्हा दाट व्हायला काही वर्षे जातात. म्हणून यंदाच्या बेणणीत कोयता चालवण्याआधी कोणता पट्टा राखायचा, हे मजुरांना आधीच दाखवून द्यावे.