गोवामुक्ती आणि अलिप्ततेचा ताळेबंद

बंगळुरूच्या मल्लेश्वरम भागात कोकणी बोलणारी अनेक सारस्वत कुटुंबे आहेत. पोर्तुगीज राजवटीत पूर्वजांनी गोवा सोडल्याची आठवण ती अजून जपून आहेत. त्यांच्याशी बोलताना एक प्रश्न हमखास निघतो: १९४७ साली इंग्रज गेले, मग गोव्याला आणखी चौदा वर्षे का थांबावे लागले?

या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग शीतयुद्धात आहे. पोर्तुगाल १९४९ पासून ‘नाटो’चा सदस्य होता आणि त्याच्या अझोर्स बेटांवरील तळ अमेरिकेला हवा होता. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला. वीसहून अधिक जण मृत्युमुखी पडले. तरीही नेहरूंनी सैन्य पाठविले नाही. त्याच वर्षाअखेर भारतभेटीवर आलेल्या बुल्गानिन व ख्रुश्चेव यांनी गोव्याबाबत भारताची बाजू उचलून धरली. लगोलग २ डिसेंबरला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगीज परराष्ट्रमंत्र्यांसह काढलेल्या निवेदनात पूर्वेकडील पोर्तुगीज वसाहतींना ‘प्रांत’ म्हटले.

अशा वेळी मॉस्कोच्या गोटात शिरणे सोपे होते. भारताने ते केले नाही. सोव्हिएत साहाय्याने भिलाईचा पोलाद कारखाना उभारला, तर मे १९६० मध्ये अमेरिकेशी चार वर्षांत १.६ कोटी टन गहू आणि १० लाख टन तांदूळ रुपयांच्या मोबदल्यात घेण्याचा करार केला. दुर्मीळ परकीय चलन वाचविणारा हा व्यवहार होता.

१८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सेना गोव्यात शिरली. सुरक्षा परिषदेत युद्धबंदी व सैन्यमाघारीची मागणी करणाऱ्या पाश्चात्त्य ठरावाला सात मते पडली. सोव्हिएत नकाराधिकारामुळे तो बारगळला. मात्र विरोधी चार मतांत सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक यांचीही मते होती, हे विसरून चालणार नाही. त्यामुळे हा वाद केवळ दोन गोटांपुरता न राहता वसाहतवादाचा ठरला. दुसऱ्याच दिवशी पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. अकरा महिन्यांनी, चीनच्या आक्रमणात, नेहरूंनी वॉशिंग्टनकडे मदत मागितली आणि ती मिळाली.

अलिप्तता म्हणजे दोघांपासून सारखे अंतर नव्हे. कोणीही आपल्याला गृहीत धरू नये, एवढी निर्णयाची मोकळीक होय. पण ही मोकळीक फुकट मिळत नाही. दिल्लीने शांततेचे नैतिक भांडवल चौदा वर्षे जपले; त्याचे व्याज गोमंतकीयांनी भरले. धोरणाचे मूल्यमापन करताना लाभ कोणाला झाला याइतकेच, किंमत कोणी मोजली हेही नोंदवले पाहिजे.