निरुद्धप्रकश : एक पाठ व एक उपचार

वैद्यकाच्या सुट्या पानांचें एक पुडकें आम्हांस मध्यंतरीं पाहावयास मिळालें. त्यांतील एका पानावर 'निरुद्धप्रकाश' हें पद दिसतांच आम्हीं तें पान बेधडक नेत्ररोगांत घातलें. प्रकाश अडला तो डोळ्याचाच, असा आमचा मास्तरी तर्क! पुढील ओळींत मूत्राची धार मंद होते असें आढळलें, तेव्हां चूक पदरीं आली. रोग शिश्नाग्रावरील चर्म आकुंचित होऊन मणि उघडा न होण्याचा आहे. मूळ पाठ 'प्रकश' असावा असें आमचें मत आहे. हा शब्द अथर्ववेदाच्या मधुकशासूक्तांत चाबकाच्या संबंधानें आलेला आहे. आणि अपरिचित शब्दाच्या जागीं परिचित शब्द बसविणें ही नकलकारांची जुनी खोड. एक काना वाढला व रोग शरीराच्या दुसऱ्या टोकास गेला.

सुश्रुतसंहितेंत याचें लक्षण निदानस्थानाच्या १३ व्या व उपचार चिकित्सास्थानाच्या २० व्या अध्यायांत आहे. दोन्ही तोंडें उघडी असलेली लोहाची, लाकडाची किंवा लाखेची नळी तूप माखून आंत घालावी. वसा-मज्जा अथवा वातघ्न द्रव्यांनीं युक्त चक्रतैल यांचें सेचन करावें. दर तीन दिवसांनीं अधिक जाड नळी घालून मार्ग वाढवावा. सेवनी वगळून छेद घेण्याचा विकल्प त्याच्या मागाहून, 'वा' या अव्ययानें येतो. सुश्रुत म्हणजे केवळ चिरफाड असें मानणाऱ्यांनीं हा क्रम पाहावा. बालकाचा वेगळा निर्देश मात्र त्या श्लोकांत नाहीं.

हें सांगण्यास कारण आहे. एका स्नेह्यानें हें पान वाचून आपल्या तीन वर्षांच्या नातवाचें चर्म तेल लावून मागें ओढण्याचा बेत केला होता. आम्हीं त्यांस थांबविलें. जन्मतः हें चर्म मण्यास चिकटलेलेंच असतें व बहुतेक मुलांत वयाबरोबर आपोआप सुटतें, हें डग्लस गेर्डनर यांनीं १९४९ सालीं दाखविलें. ही क्रिया पौगंडावस्थेपर्यंत चालते, असें याकोब ऑस्टर यांस १९६८ सालीं डेन्मार्कमधील शाळकरी मुलांत आढळलें. बळानें ओढल्यास चर्म फाटतें आणि व्रण भरतांना खरा संकोच उत्पन्न होतो. मागें गेलेलें चर्म पुढें न आल्यास सुश्रुताची 'परिवर्तिका' ओढवते; तेव्हां तत्काळ शस्त्रवैद्य गांठावा. उपचार लागलाच तर आजचे डॉक्टर प्रथम स्टेरॉइडयुक्त मलम कांहीं आठवडे देतात, व पुष्कळांस तेवढें पुरतें.

नळीच्या जाडीचें माप त्या श्लोकांत दिलेलें नाहीं. ज्यांच्या संग्रहीं या अध्यायाची सटीप पोथी असेल, त्यांनीं समासांतील मजकूर अवश्य तपासावा, आणि तेथें 'प्रकश' आहे कीं 'प्रकाश' तेंही आम्हांस कळवावें.