७५ च्या आत की बाहेर?

मंडळी, बऱ्याच विकांतांनी लिहायला बसलोय. मधले सगळे शनिवार गॅरेजमध्ये गेले, त्याचीच ही गोष्ट. गोष्ट गाडीची आहे, पण खरं तर एका आकड्याची आहे.

माझ्याकडे एक फियाट आहे. पद्मिनी नव्हे, १९७६ ची १२४ स्पायडर. दोन दारं, उघडणारं छत. पुण्यात बाबांची पद्मिनी धुण्यात माझे लहानपणचे रविवार गेले. त्यामुळे इथे कॅलिफोर्नियात तेच नाव बॉनेटवर दिसल्यावर राहवलं नाही. विकणाऱ्याकडे तशा दोन होत्या, एक ७५ ची आणि एक ७६ ची. ७६ ची बरीच स्वस्त. म्हटलं, एका वर्षाने नवीन आणि वर स्वस्त, अजून काय पाहिजे! बायको म्हणाली, "एक गाडी पगार कमवायला, दुसरी तो घालवायला." तिचं नेहमीप्रमाणे बरोबर निघालं, पण दोन वर्षांनी.

झालं असं की इंजिनावरचा एअर पंप जाम झाला. तो एक्झॉस्टमध्ये ताजी हवा ढकलतो, म्हणजे अर्धवट जळलेलं पेट्रोल तिथे जळून जातं. पट्टा किंचाळायला लागला म्हणून मी पंप काढून कोपऱ्यात ठेवला आणि घर बदलताना तो कचऱ्यात गेला. गाडी झकास चालायची. मग रजिस्ट्रेशनच्या नूतनीकरणाचं पत्र आलं आणि त्यात एक ओळ होती: स्मॉग चेक आवश्यक.

आपल्याकडची पीयूसी म्हणजे पेट्रोल पंपाशेजारची टपरी आणि सायलेन्सरमध्ये नळी. इथे तसं नाही. माझ्या गाडीच्या वयाला मागची चाकं रोलरवर चढवून ताशी १५ आणि २५ मैलांच्या वेगाने पळवतात आणि धूर मोजतात. त्याआधी बॉनेट उघडून कारखान्यातून आलेला प्रत्येक भाग जागेवर आहे का ते बघतात. पंपाची जागा रिकामी. नापास. धूर किती, हा प्रश्न नंतरचा. (तोही नापासच होता म्हणा, कार्बन मोनॉक्साइड जास्त.) ती ७५ ची घेतली असती तर चाचणी कधीच लागली नसती. स्वस्ताईचं कारण तेव्हा कळलं :-)

आता प्रश्न असा, की ७५ आणि ७६ मध्ये असं काय घडलं? मला वाटलं इंजिनात काही मोठा बदल झाला असणार. शोधायला बसलो आणि ८० वर्षं मागे गेलो.

जुलै १९४३. लॉस एंजेलिसवर एके दिवशी इतका दाट, डोळे झोंबणारा धूर उतरला की लोकांना जपानने विषारी वायू सोडल्याची शंका आली. युद्ध चालूच होतं. मग संशय शहरातल्या कृत्रिम रबराच्या कारखान्यावर गेला. तो बंद केला, धूर तसाच. १९४७ मध्ये तिथे प्रदूषण नियंत्रणाचं खातं निघालं आणि कारखाने, रिफायनऱ्या, घरामागे कचरा जाळायच्या भट्ट्या असं एकेक तपासणं सुरू झालं. खरा आरोपी शोधला आरी हागेन-स्मिट या डच रसायनशास्त्रज्ञाने. गडी कॅलटेकमध्ये अननसाच्या वासावर काम करत होता. तेच तंत्र त्याने हवेवर लावलं आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं की न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं उन्हात एकत्र आली की ओझोन तयार होतो. म्हणजे आरोपी प्रत्येकाच्या दारातच उभा होता.

पुढे कॅलिफोर्नियाने १९६६ च्या मॉडेलपासून नव्या गाड्यांच्या धुराला मर्यादा घातली, देशाने १९६८ पासून. १९७० च्या केंद्रीय क्लीन एअर ॲक्टने कंपन्यांना धूर ९० टक्क्यांनी कमी करायला सांगितलं. मुदती पुढे ढकलल्या गेल्या, पण १९७५ च्या मॉडेलपासून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सर्रास आले.

पण गाडी कारखान्यातून चांगली निघाली म्हणजे चांगली राहतेच असं नाही. (कोडचंही तेच, रिलीजच्या दिवशी सगळं चालत असतं.) म्हणून ठरावीक काळाने तपासणी हवी. १९७७ च्या केंद्रीय दुरुस्तीने प्रदूषित भागांना तशी योजना बंधनकारक केली. गंमत म्हणजे जिथे स्मॉगचा शोध लागला ते कॅलिफोर्नियाच अडून बसलं. मतदाराच्या गाडीला नापास करायला कोणता आमदार तयार होईल? शेवटी केंद्राने निधी रोखल्यावर १९८२ मध्ये कायदा झाला आणि मार्च १९८४ मध्ये स्मॉग चेक सुरू झाला. दर दोन वर्षांनी एकदा.

आता येतो आपला आकडा. सुरुवातीपासून वाद होता की फार जुन्या गाड्यांचं काय करायचं. हौशी मंडळींचं म्हणणं, या गाड्या मोजक्या आहेत, वर्षाला थोड्याच चालतात, भाग मिळत नाहीत, सोडा त्यांना. १९९७ मध्ये एसबी ४२ नावाचा कायदा झाला. त्याने १९७३ पर्यंतच्या गाड्यांना सूट दिली आणि २००३ पासून ही सूट सरकती केली: ३० वर्षं पूर्ण झालेली कुठलीही गाडी मोकळी. आमच्या भाषेत सांगायचं तर चालू वर्षातून ३० वजा करणारं साधं फंक्शन. दर वर्षी सीमा एक पाऊल पुढे.

आणि इथेच मेख होती. सरकत सरकत ही सीमा कन्व्हर्टरवाल्या गाड्यांवर येऊन ठेपली. आज ना उद्या ८० आणि ९० च्या दशकातल्या, रोज कामावर जाणाऱ्या लाखो गाड्याही सुटल्या असत्या. म्हणून २००४ मध्ये एबी २६८३ आला. त्याने फंक्शन काढून टाकलं आणि तिथे एक संख्या हार्डकोड केली. १९७५ पर्यंतच्या कायमच्या मोकळ्या, १९७६ पासूनच्या कायमच्या अडकलेल्या. एप्रिल २००५ पासून ते लागू झालं.

म्हणजे ७६ मध्ये इंजिनात काहीही घडलं नाही! नियम गोठवला तेव्हा सरकती सीमा जिथे होती, तिथेच ती थिजली. वाहत्या पाण्याचा बर्फ झाला आणि माझी फियाट नेमकी काठाच्या पलीकडे राहिली.

खरं सांगायचं तर आधी चिडलो. ७५ च्या गाडीला चाचणी माफ असली तरी तिचा धूर काही माफ होत नाही, तो त्याच हवेत जातो. मग विचार केला, मी आमदार असतो तर काय केलं असतं? रेषा कुठेतरी ओढायचीच होती. आणि सरकती ठेवली असती तर आज १९९६ पर्यंतच्या सगळ्या गाड्या चाचणीशिवाय फिरल्या असत्या. धूर मोजणाऱ्यांचा जुना अनुभव असा की थोड्या बिघडलेल्या गाड्याच एकूण धुराचा मोठा वाटा सोडतात. त्याच थोड्यांना सोडून दिलं तर उरलेल्यांची तपासणी करून उपयोग काय?

हौशी लोकांसाठी कायद्यात एक खिडकी मात्र आहे. गाडी किमान ३५ वर्षांची हवी, तिचा संग्राहकांसाठीचा खास विमा हवा आणि तिने धुराची चाचणी पास व्हायला हवी. मग एखादा भाग नसला तरी चालतं. कागदपत्रं घेऊन रेफरीकडे जायचं. (हे रेफरी बरेचदा कम्युनिटी कॉलेजांच्या आवारात बसतात.) २०२५ मध्ये एसबी ७१२ हे विधेयक अशा गाड्यांना धुराची चाचणीही माफ करायला निघालं होतं. जे लेनोने पाठिंबा दिला म्हणून लोक त्याला 'लेनोज लॉ' म्हणायचे. ऑगस्टमध्ये ते असेंब्लीच्या समितीत अडकलं.

मी त्या खिडकीतून गेलो. चार शनिवार कार्ब्युरेटर उघडला, साफ केला, मिश्रण बारीक केलं. धूर मर्यादेत आला आणि रेफरीने सही केली. पंप नाही तो नाहीच.

आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण पहिल्या दिवशी नापास झालो तेव्हा रांगेत माझ्यामागे एक माळीकाका होते. नव्वदीतला पिकअप, मागे गवत कापायची यंत्रं. तेही नापास झाले. दुरुस्तीला किती लागतील, एवढंच त्यांनी दोनदा विचारलं. त्या दिवशी सोमवार होता, त्यांना पुढच्या कामावर जायचं होतं. सरकार दुरुस्तीला काही मदत करतं, गाडी भंगारात दिलीत तर पैसेही देतं. पण त्या पैशात दुसरा पिकअप येत नाही. आणि माझी खिडकी त्यांच्यासाठी नाही, कारण तो विमा रोज कामाला जुंपलेल्या गाडीला सहसा मिळत नाही. तो मला मिळाला, कारण ऑफिसला जायला माझ्याकडे दुसरी गाडी आहे.

जुनी गाडी दोन प्रकारचे लोक ठेवतात, एक हौसेने आणि एक नाइलाजाने. १९९७, २००४, २०२५, दर वेळी भांडायला हौशी मंडळी गेली, कारण त्यांच्याकडे क्लब आहेत आणि वेळ आहे. धूर मात्र दुसऱ्यांचा जास्त, कारण ते रोज चालवतात. चाचणी हवीच, याबद्दल आता माझ्या मनात शंका नाही. पण सूट कोणाला द्यायची आणि मदत कोणाला करायची, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दुसरा विचारायला कोणी येत नाही.

असो. काल फियाट बाहेर काढली. सिग्नलला थांबल्यावर मागून तो ओळखीचा वास आला, बाबांच्या पद्मिनीचा. इतकी वर्षं मला तो लहानपणाचा वास वाटायचा. आता माहितीये तो कशाचा आहे.