चार्ल्स डार्विन यांचा वैज्ञानिक पत्रव्यवहार

ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन (१८०९–१८८२) १८४२ पासून अखेरपर्यंत केंट परगण्यातील डाउन हाऊस येथे वास्तव्यास होते. प्रकृती साथ देत नसल्याने त्यांचा प्रवास बेताचाच असे. संशोधनासाठी लागणारी बरीचशी माहिती त्यांनी टपालाने मिळवली. शास्त्रज्ञ, माळी, कबुतरे पाळणारे, वसाहतींतील अधिकारी अशा सुमारे २,००० व्यक्तींशी झालेल्या या व्यवहारातील सुमारे १५,००० पत्रे आज ज्ञात आहेत.

प्रजाती बदलतात, हा आपला विचार डार्विन यांनी जानेवारी १८४४ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांना पत्रातून कळवला. कलकत्त्यातील एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे अभिरक्षक एडवर्ड ब्लाइथ यांनी त्यांना भारतीय पशुपक्ष्यांविषयी विपुल माहिती पुरवली. डिसेंबर १८५५ मध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेस यांच्या लेखाकडेही लक्ष वेधले.

जून १८५८ मध्ये वॉलेस यांचा निबंध डार्विन यांच्या हाती आला. त्यात नैसर्गिक निवडीचाच सिद्धांत होता. वीस वर्षांच्या परिश्रमांचे श्रेय हातचे जाण्याची वेळ आली. अखेर हूकर व भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायल यांच्या पुढाकाराने १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचेही लेखन एकत्र वाचले गेले. डार्विन यांनी १८५७ मध्ये अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना लिहिलेल्या पत्राचा उतारा त्यात होता. हा सिद्धांत त्यांना आधीच स्वतंत्रपणे सुचला होता, याचा तो पुरावा ठरला.

या पत्रांच्या संपादनाचे कार्य १९७४ मध्ये सुरू झाले. १९८५ ते २०२३ या काळात केंब्रिज विद्यापीठ मुद्रणालयाने त्यांचे ३० खंड प्रसिद्ध केले.