मल्लखांबाचे स्वतंत्र घर

खेळांचा इतिहास म्हटला म्हणजे विक्रम आणि वीर यांचीच नावे डोळ्यांपुढे येतात. परंतु कोणत्याही खेळाच्या मुळाशी एक साधा प्रश्न असतो : कोणी कोणाशी स्पर्धा करावयाची, आणि निकाल कोणाच्या नियमांनी लावावयाचा? मोठ्या संस्थांना हा प्रश्न फारसा जाणवत नाही. लहान शाळा आणि लहान तालमी यांच्या बाबतीत मात्र तो अस्तित्वाचाच प्रश्न होऊन बसतो. मल्लखांबाच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर १९८१ साली क्षिप्रेकाठच्या उज्जैन नगरीत मिळाले.

उज्जैन म्हणजे महाकालेश्वर, सिंहस्थ आणि जुनी वेधशाळा, एवढे सर्वांस ठाऊक असते. मराठी माणसाचे या नगरीशी आणखीही एक नाते आहे. अठराव्या शतकात राणोजी शिंदे यांनी येथे आपले ठाणे केले आणि त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी महाकालेश्वराचे मंदिर पुन्हा उभारले. पुढे १८१० साली दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरास नेली. राजधानी गेली, तरी माळव्यातील मराठी वस्ती राहिली, आणि आखाड्याचे वेडही राहिले.

मल्लखांबाचा उल्लेख बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात आढळतो. त्याला नवा जन्म दिला तो मात्र दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधर यांनी. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि बाजीराव ब्रह्मावर्तास गेले. पण ही विद्या राज्याबरोबर बुडाली नाही. शिष्यपरंपरेच्या वाटेने ती काशी, बडोदे, माळवा अशी पसरत गेली. याचे एक कारण तिच्या साधेपणात आहे. सागवानाचा वा शिसवाचा एक खांब, थोडे एरंडेल आणि एक जाणता उस्ताद, एवढ्यावर तालीम चालते. साधी उडी, बगली, दसरंग, फिरकी, सुईदोरा, वेल, ताजवा अशा पायऱ्या चढत मुलगा तयार होतो. ज्याच्याजवळ क्रीडांगण नाही, त्या शाळेलाही आपल्या अंगणात खांब पुरता येतो.

तथापि या साधेपणाला एक मर्यादाही होती. आखाड्यात उस्तादाचा शब्द हाच नियम असे. पुण्याच्या मुलाची फिरकी सरस की उज्जैनच्या मुलाची, हे ठरवावे कोणत्या मापाने? १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन येथील ऑलिंपिकच्या प्रसंगी देशी व्यायामप्रकार दाखविले, त्यांत मल्लखांबही होता. परदेशी प्रेक्षकांनी तो पाहिला. परंतु ते प्रात्यक्षिक होते, स्पर्धा नव्हती. प्रात्यक्षिकाला टाळ्या मिळतात, गुण मिळत नाहीत.

स्वातंत्र्यानंतर ही उणीव भरून निघण्याची चिन्हे दिसू लागली. १९५८ साली दिल्लीत भरलेल्या राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धेच्या वेळी मल्लखांब राष्ट्रीय पातळीवर सादर झाला. जिम्नॅस्टिक्सच्या अखिल भारतीय संघटनेने त्याला आपल्या छत्राखाली घेतले, आणि १९६२ साली ग्वाल्हेर येथे जिम्नॅस्टिक्सबरोबरच मल्लखांबाचीही राष्ट्रीय स्पर्धा झाली. जेथे शिंद्यांची राजधानी गेली होती, तेथेच मल्लखांबाला पहिला राष्ट्रीय मांडव मिळावा, हा योगायोग मोठा गोड आहे. पुढे १९७६ सालापर्यंत हा आश्रय टिकला, आणि मग संपला.

या आश्रयाची किंमत कमी लेखू नये. लहान तालमींना एकमेकींची ओळख त्यानेच करून दिली. परंतु जी संघटना ऑलिंपिककडे डोळे लावून चालते, तिच्या घरी ऑलिंपिकबाहेरचा खेळ पाहुणाच राहणार. पाहुण्याने किती दिवस राहावयाचे, हे यजमान ठरवितो.

लहानांच्या संघांचे असे मोडणे इतर देशांतही घडले आहे, आणि त्यांतील एक दाखला येथे उपयोगी पडेल. अमेरिकेच्या इंडियाना राज्यात खेड्याखेड्यांतील शाळा आपापले लहान संघ करून बास्केटबॉल खेळत, आणि शेवटी लहानमोठ्या सर्व शाळा एकाच राज्यस्पर्धेत उतरत. १९५४ साली मायलन या गावच्या अवघ्या १६१ विद्यार्थ्यांच्या शाळेने मन्सी शहराच्या मोठ्या शाळेस ३२ विरुद्ध ३० गुणांनी हरविले आणि राज्याचे अजिंक्यपद मिळविले. पुढे १९५९ साली शाळांच्या पुनर्रचनेचा कायदा झाला. लहान शाळा एकमेकींत मिळविल्या गेल्या आणि त्यांचे कितीतरी जुने संघही त्यांच्याबरोबर नाहीसे झाले. तेथे शाळाच उरल्या नाहीत, मग संघ कोणी जमवावयाचा?

मल्लखांबाच्या बाबतीत नेमके याच्या उलट घडले. येथे वरचा मांडव मोडला, खालच्या तालमी उभ्या होत्या. उज्जैनच्या आखाड्यांत खांबाला एरंडेल लागतच होते. महाराष्ट्रातील व्यायामशाळांतही मुले अढी घालीतच होती. म्हणूनच २८ व २९ जानेवारी १९८१ रोजी उज्जैन येथे अखिल भारतीय स्पर्धा भरली, तेव्हा दहा राज्यांचे खेळाडू तेथे आले. भारतीय मल्लखांब महासंघाचा जन्म याच मेळाव्यातून झाला. स्पर्धेचे नियम बांधले गेले, आणि उस्तादाच्या नजरेला गुणपत्रिकेची जोड मिळाली. पुरलेला खांब, टांगता खांब आणि दोरी हे तिन्ही प्रकार एका शिस्तीत आले. खेळ पाहुणपण सोडून स्वतःच्या घरी राहावयास गेला.

पुढची वाटचाल सर्वांसमोर आहे. ९ एप्रिल २०१३ रोजी मध्य प्रदेशाने मल्लखांबास राज्याचा खेळ म्हणून मान दिला. फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईच्या शिवाजी पार्कवर त्याची पहिली जागतिक स्पर्धा झाली. २०२० साली उज्जैनचे प्रशिक्षक योगेश मालवीय यांना द्रोणाचार्य पुरस्कार लाभला, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘खेलो इंडिया’ युवा स्पर्धांतील मल्लखांबाचे सामने उज्जैनमध्येच झाले.

हा मानसन्मान आनंदाचा आहे. तरी १९७६ चा धडा विसरून चालणार नाही. वरून मिळालेली मान्यता वरूनच काढून घेतली जाऊ शकते. त्या वेळी खेळ तरला तो कोणत्याही ठरावाने नव्हे. रोज संध्याकाळी तालमीचे दार उघडणाऱ्या आणि नव्या मुलाला पहिली साधी उडी शिकविणाऱ्या अनाम उस्तादांनी तो तारला. पुरस्कारांचा आणि स्पर्धांचा हिशेब मांडताना शासनाने व समाजाने या लहान तालमींची जागा, त्यांचे भाडे आणि त्यांच्या उस्तादांचा चरितार्थ यांचाही हिशेब मांडावा. तालमी चालू राहिल्या, तर मोडलेला संघही पुन्हा उभारता येतो. उज्जैनने ते एकदा करून दाखविले आहे.